पांढऱ्या भांड्यावरचे डाग

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याचं पोट उघडलं, आत बघितलं आणि परत शिवलं. आतड्यातली गाठ काढण्यासारखी राहिली नव्हती, लिव्हरवर पसरली होती. शौचाला पोटाच्या डाव्या अंगाला वाट करून दिली आणि त्याला बाहेर आणलं. हे त्यांनी आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. आम्ही चौघं होतो. सासू, दीर, जाऊ आणि मी.

"किती राहतील?" दिराने विचारलं.

"महिने म्हणा. वर्ष धरू नका." मग डॉक्टरांनी विचारलं, "शौचावाटे रक्त कधीपासून जात होतं?"

"रक्त न्हाय कधी गेलं," दीर म्हणाला. "पोट फुगलं, शौचाला होईना, म्हणून आणलं."

"जात असणार. वर्ष तरी. घरात कोणाला दिसलं नाही?"

सासू तिथेच फरशीवर बसली. जावेकडे वर बघून म्हणाली, "म्हंजे ते तुझं नव्हतं गो."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, त्यांना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं, ते गेले. मला काय वाटलं असं कोणी विचारलं तर काही वाटलं नाही. एक बाई फिनेल टाकून फरशी पुसत येत होती. मी सासूला दंडाला धरून उठवलं आणि बाजूला केलं.

सासू काय म्हणाली ते कळायचं तर आमच्या घरचा संडास सांगायला पाहिजे.

आमचं गाव भिवंडीच्या अंगाला, खाडीकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरची भातशेती होती. सासरे त्याआधीच गेलेले. पोट धरून धरून गेले एवढंच घरात सांगत. पुढे गावाभोवती लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने वाढले. आमच्याही दोघा भावांनी रस्त्याकडचा शेताचा तुकडा विकून जुने लूम घेतले आणि घराला लागून पत्र्याची शेड टाकली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. त्याच कमाईतून परसात संडास बांधला. गावात तेव्हा संडास दोन-तीन घरांत. बाकी सगळ्या बायका उजाडायच्या आत खाडीकडे तिवरांच्या झाडीत जात. आम्हीही जायचो. अंधारात जायचं, अंधारात यायचं. खाली काय पडलं ते कोण बघतं? कोणी बघावं असं ते नव्हतंही.

संडासाला पांढरं चिनी मातीचं भांडं बसवलं. सासूला त्याचं फार कौतुक होतं. पाहुणी आली की तिला चहाच्या आधी संडास दाखवायची. "त्यात जेवावं असं हाय," म्हणायची. जाऊ मागून हळूच मला म्हणायची, "वाढू का मग यांना?" सकाळी आधी दोघं भाऊ जात, मग सासू, मग आम्ही दोघी जावा. शेवटी घासायचं काम आमचं. वर पिवळा दिवा आणि खाली ते पांढरं भांडं, त्यामुळे त्यावर जे काही असेल ते दिसायचं.

एका सकाळी सासू आतून बाहेर आली आणि परसातच उभी राहून बोलायला लागली.

"कोण बसलीय ग बाजूला? न सांगता घरात फिरते ती?"

आम्ही दोघी चुलीशी होतो. कोणीच बसलं नव्हतं. आमच्या घरात बाईला चार दिवस बाजूला बसवायचे. वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या, स्वयंपाकघरात पाय नाही. सासूने भांड्याच्या कडेला लाल डाग बघितले होते.

"मी न्हाय," मी म्हटलं.

"मीपण न्हाय," जाऊ म्हणाली.

"मंग काय माझं हाय, या वयात?"

सासू हसण्यावारी नेणारी बाई नव्हती. माझा नवरा आणि दीर त्या वेळी ओटीवर चहा पीत होते. त्यांच्यासमोर हा विषय निघणं शक्यच नव्हतं. सासू बोलत होती तीसुद्धा दबक्या आवाजात.

डाग पुन्हा दिसले. मधे काही दिवस नसायचे, मग परत असायचे. कधी थेंब, कधी पाणी ओतून ओघळलेली रेघ. सासूने नियम केला की बाजूला बसलेल्या बाईने संडासात जायचं नाही, पूर्वीसारखं तिवरांत जायचं. आम्ही गेलो. तरी डाग होतेच. रक्त म्हणजे बाईचं, यापलीकडे आमच्यापैकी कोणाचंही डोकं गेलं नाही. पुरुषाचं रक्त हात कापला तर निघतं, लूमच्या धोट्याने बोट फोडलं तर निघतं. तिथून निघतं असं आमच्या कानावरच नव्हतं. मूळव्याध हा शब्द ऐकून होतो, पण ती दुकानावरच्या पाटीवरची गोष्ट, घरातली नाही.

मला दोन मुलं होती, एक मुलगा, एक मुलगी. जावेला लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. त्यामुळे संशय कुठे जाणार ते ठरलेलंच होतं.

"हिच्या अंगावरून जातंय," सासू मला म्हणाली. "सांगत न्हाय मेली. म्हणून तर पोर रहात न्हाय."

"ती नाही म्हणते."

"ती म्हणंल. तुला कोणी इचारलं?"

मग जावेचं खाणं बंद झालं. सुकट बंद, बोंबील बंद, अंडं बंद, गूळ बंद. उष्ण पडतं म्हणून. आमच्या घरात मासळीशिवाय जेवण म्हणजे जेवण नव्हे. जाऊ वरणभात घेऊन बाजूला बसायची आणि आम्ही कालवण ओरपायचो. दूर्वांचा रस रोज सकाळी. तो कडू लागत नाही, पण पोटात ढवळतं. ती तो पिऊन परसात जाऊन ओकून यायची. सासू म्हणायची, "बघ, अंगातलं निघतंय."

त्याच दिवसांत माझा नवरा शुक्रवारी गणेशपुरीला जायला लागला. शुक्रवारी लूम बंद असतात. सकाळची एस.टी. धरायचा, संध्याकाळी यायचा. देवदर्शन म्हणायचा. याआधी त्याने कधी देवासमोर उदबत्ती लावलेली मी बघितली नव्हती.

"काय देव पावला का?" मी विचारलं.

"पाय दुखतात. उभं राहून राहून. तिथं गरम पाण्याच्या कुंडात बसतो, बरं वाटतं."

"पाय बुडवता का सगळेच बुडता?"

"सगळाच बुडतो. तुझी सुटका होईल म्हणून."

अशी आमची बोलणी. तो थट्टेखोर होता. वाळत चालला होता, पण लूमवर सगळेच वाळतात. शेडमध्ये उकाडा, कापसाची भुकटी, दिवसभर उभं राहणं. पँटला दोरी बांधायला लागला तेव्हा मी पँट आत घेऊन दिली.

सासू एक दिवस जावेला भिवंडीत बायकांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. मला सोबत नेलं. डॉक्टरणीने जावेला टेबलावर घेतलं. आमच्या घरातल्या बाईला त्याआधी बाळंतपणाशिवाय कोणी तसं तपासलं नव्हतं, आणि हिचं तर बाळंतपणही नाही. पडदा अर्धवट होता. बाकावर बसलेल्या बायका बघत होत्या. जाऊ छताकडे डोळे लावून पडून राहिली.

"काही नाही हिला," डॉक्टरणी म्हणाली. "रक्त थोडं कमी आहे. खायला देता ना नीट?"

"देतो तर," सासू म्हणाली.

लोहाच्या गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर सासू म्हणाली, "हिला काय कळतंय, पोरगीच हाय ती." आणि दूर्वांचा रस चालू राहिला.

असं वर्ष गेलं, थोडं जास्तच. मग पावसाळा संपता संपता माझ्या नवऱ्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. वाराही सरेना. ओकायला लागला. गावच्या डॉक्टरने ठाण्याला पाठवलं, ठाण्याच्यांनी मुंबईला. आणि मग तो व्हरांडा.

शुद्धीवर आल्यावर मी त्याला विचारलं, "रक्त जात होतं का?"

"जायचं."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? मूळव्याध हाय असं वाटलं. लूमवर निम्म्या लोकांना हाय." मग तो म्हणाला, "कारागीर म्हणालेला, सेठ, बवासीर में सबका जाता है, गरम पानी में बैठो. म्हणून कुंडात बसायला जायचो."

तिकडे परसात काय चाललं होतं ते मी त्याला सांगितलं. डाग, जावेचं खाणं, डॉक्टरणी. तो डोळे मिटून ऐकत होता. "भांडं नीट धुवायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाला.

त्याला घरी आणलं. पोटावरच्या वाटेला पिशवी लावायची असते. इस्पितळातून दिलेल्या संपल्या, मग आम्ही फडकी बांधली. लूमवर कापड कमी नव्हतं. धुवायचं काम माझं, कधी जावेचं. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुखायचं तेव्हा तो उशी चावायचा. होळीच्या आधी गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी दिराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मीही होते. इतक्या कमी वयात हा रोग झाला, वडीलही पोटाच्याच दुखण्याने गेले म्हणता, तेव्हा घराण्यात असू शकतो. सख्ख्या भावाने तपासून घ्यायला पाहिजे. मुलांनी मोठी झाल्यावर. खालून दुर्बीण घालून आतडं बघतात. आत कोंबासारखे मोड असतात, त्यांचाच पुढे हा रोग होतो. लहान असतानाच दुर्बिणीतून काढून टाकता येतात, पोट कापावं लागत नाही. त्रास व्हायची वाट बघू नका, असंही म्हणाले. त्रास होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दीर "हो हो" म्हणाला. मोठ्या माणसांसमोर तो नेहमी म्हणायचा तसंच.

दिवसकार्य झालं. वर्षश्राद्ध झालं. दीर गेला नाही. मी आठवण केली की म्हणायचा, "सीझन हाय." लूमला कायम सीझन असतो नाहीतर मंदी असते. मंदीत म्हणायचा, "आता कुठला खर्च काढता?" खर्च नव्हताच, सरकारी इस्पितळ होतं. मी ते सांगितलं तर म्हणायचा, "मला काय होतंय? बघा, दोन भाकऱ्या खातो."

"भावजी, तुमचा भाऊ तीन खायचा," मी म्हणायचे.

सासूचं वेगळं होतं. ती म्हणायची, "एक गेला तेवढा पुरे. धडधाकट माणसाच्या अंगात नळ्या घालून काय हुडकायचं? हुडकलं की निघतंच." ती खोटं बोलत नव्हती, तिला भीती होती. दुसरा मुलगाही गेला तर घरात पुरुष राहत नव्हता. माझा मुलगा शाळेत होता. लूम, घर, आम्ही तीन बायका आणि दोन मुलं, सगळं दिरावर उभं होतं.

खरं कारण एक दिवस बाहेर आलं. श्रावणातला शुक्रवार, लूम बंद, म्हणून सगळी घरात. जेवणं झाली होती. मी पुन्हा विषय काढला. दीर चिडला.

"वहिनी, तुमाला समजत न्हाय. पुरुष मानसाने तिथं उघडं व्हायचं? आणि कोणी नळी घालायची? कारागिरांना कळलं तर शेडमध्ये तोंड दाखवता येनार न्हाय. उद्याच म्हणतील, सेठ का पीछे से तपास हुआ."

"म्हणू देत."

"तुमाला काय. तुमचं गेलं ते गेलं."

मी ताटं गोळा करत होते ती करत राहिले. सासू म्हणाली, "बस झालं. जल्लं ते इस्पितळ."

तेव्हा जाऊ बोलली. ती आमच्यासमोर नवऱ्याशी कधी मोठ्याने बोलत नसे. पदर खोचून उष्टं काढत होती, हातातलं फडकं तिने खाली ठेवलं.

"अवो, ऐका," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या रक्तासाठी मी डॉक्टरणीच्या टेबलावर झोपले. पडदा अर्धा उघडा होता. बायका बघत होत्या. वर्षभर पाला प्याले. सुकटीचा वाससुद्धा घेऊ दिला न्हाय मला. ते रक्त माझं नव्हतं."

तिने फडकं पुन्हा हातात घेतलं.

"तुम्ही तुमच्या स्वतःच्या रक्तासाठी एकदा झोपा. एकदाच. न्हायतर मी माहेरी जाते. बिनपोराची विधवा होऊन इथं राहायची न्हाय मी. आईंना काय सांभाळायचं ते त्या सांभाळतील."

सासूने तोंड फिरवलं. दीर उठून ओटीवर गेला. मी भांडी घासून आले तेव्हा आत येऊन मला विचारलं, "कुठल्या वाराला असतं ते?"

तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पेज आणि पातळ खायचं होतं. मग पोट साफ व्हायचं औषध पाण्यातून घ्यायचं, तांब्यावर तांब्या. दीर संडासात ये-जा करत राहिला. कारागिरांना सांगितलं, शिळं खाल्लं. एकाने शेडमधून ओरडून विचारलं, "सेठ, पेट है की नल है?" आणि सगळे हसले. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, जुलाब सगळ्यांना होतात. दिराला स्वतःलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊ त्याच्याबरोबर गेलो. सासू आली नाही, देवासमोर बसून राहिली. दिराला आत नेलं. दोघी बाकावर. जाऊ म्हणाली, "पडदा असंल का ओ तिथं?" मी म्हटलं, "दार हाय. मी बघितलं."

त्याला गुंगीचं औषध दिलं होतं. बाहेर आला तेव्हा चेहरा झोपेतून उठल्यासारखा. डॉक्टर दुसरे होते, तरुण. ते म्हणाले, दोन मोड होते. एक बारीक, एक बोटाच्या पेरासारखा. दोन्ही काढले, तपासायला पाठवलेत. अहवाल येईपर्यंत कोणी नीट जेवलं नाही, सासू तर नाहीच. आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्यात बदल सुरू झाले होते, पण मुळातून निघालाय, अजून रोग झाला नव्हता. आता ठरावीक वर्षांनी परत यायचं.

"यांना रक्त जात होतं का?" मी विचारलं.

"नाही. यांना काहीच जाणवलं नसतं. पुढे कधी जाणवलं असतं."

अहवाल घेऊन परत येताना दीर एस.टी.त खिडकीशी बसला होता. कळव्याच्या पुढे म्हणाला, "कळलंसुद्धा न्हाय मला काही. उगाच घाबरलो." जाऊ म्हणाली, "मला कळलं होतं." त्या दिवशी घरी सुकटीचं कालवण मीच केलं आणि तिच्या ताटात आधी वाढलं. सासू बघत होती. तिने जावेची माफी मागितली का, तर नाही. आमच्यात सासवा सुनांची माफी मागत नसत. दूर्वांचा रस त्याआधीच बंद झालेला होता.

मी चौथीपर्यंत शिकले. हे लिहिते ते पुढच्या बायकांसाठी. आता घरोघरी पांढरी भांडी आहेत. पाणी ओतायच्या आधी खाली बघावं. रक्त दिसलं तर घरात कोणाचं ते धडपणे विचारावं, पुरुषांनाही विचारावं, त्यांच्यासमोर विचारावं. मूळव्याध असेल तर डॉक्टर सांगेल मूळव्याध. कुंडात बसून ते ठरत नाही. आणि घरात कोणी पोटाने गेलं असेल तर रक्ताची वाटच बघू नये. काही दिसत नसतानाही जावं. लाज वाटते हे मला माहीत आहे. लाज वाटू दे आणि जा.

माझी मुलं मोठी झाली तेव्हा मी त्यांना विचारलं नाही, तपासणीची तारीख घेऊन ठेवली. मुलगा कुरकुरला. मुलीच्या सासरचे म्हणाले, लग्नाच्या वेळी घराण्यात रोग आहे हे सांगितलं नाही. मी म्हटलं, आता सांगते, आणि तिला घेऊन गेले. मुलीचं आतडं साफ निघालं. मुलाला एक मोड होता, तो काढला.

लूम पुढे विकले, शेडच्या जागी गोदाम झालं. सासू म्हातारी होऊन गेली. माझा नवरा वेळेवर डॉक्टरकडे गेला नाही, तो मेला. दीर वेळेवर गेला, तो आज जिवंत आहे. जाऊ आहे, तिला मूल झालं नाही. माझी दोन्ही मुलं आहेत. मी आहे.